साखराबाईचं दूध

बीड, शके १८४९, चैत्र वद्य द्वितीया

पोहोचलो एकदाचे! चौसाळ्याहून काल निघालो, मांजरसुंब्याला मुक्काम केला आणि आज ऊन तापायच्या आत दमणी दवाखान्याच्या फाटकाशी उभी राहिली. गाडीत खाली कडबा, कडब्यावर दोन गाद्या आणि गाद्यांवर मी, पालखीतल्या देवासारखी. घाट उतरताना आत्याबाईंनी, माझ्या सासूबाईंनी, माझं पोट दोन्ही हातांनी धरून ठेवलं होतं. स्वतःला धरायला त्यांना तिसरा हात नव्हता, म्हणून त्या दर खड्ड्याला माझ्याच अंगावर येत होत्या. मी हसले की रागवायच्या.

हे महसूल खात्यात गिरदावर असल्यामुळे इथल्या जागेची दरखास्त लवकर मंजूर झाली. एका जागीरदाराच्या बेगमेनं आपल्या मुलीच्या आठवणीसाठी हा जनाना दवाखाना बांधला आहे. आत पुरुषांना मज्जाव आहे. नदीच्या अलीकडे, कडुनिंबांच्या सावलीत, चुन्यानं पांढरी केलेली बैठी इमारत. लांबच्या बायकांनी पंधरा दिवस आधीच येऊन राहावं असा इथल्या डाक्टरीणबाईंचा हुकूम आहे. त्या हैद्राबादच्या, उर्दू बोलतात, आणि त्यांचं बोलणं आम्हांला समजावून सांगायला कडूबाई नावाची आया आहे.

माझ्या खोलीत दोन लोखंडी खाटा आहेत. खिडकीजवळची आधीच कोणीतरी घेतली आहे, भिंतीकडची माझी. चादरीला साबणाचा वास येतो. मला फार आवडलं सगळं.

ही वही यांनी दिली. म्हणाले, रिकामी बसलीस की गेल्या वर्षीचं आठवून रडत बसतेस, त्यापेक्षा लिहीत जा. गेल्या वर्षी घरीच सुईणीच्या हातून झालं होतं. मुलगी होती. ती रडली नाही. एवढंच लिहिते, पुढे लिहीत नाही. माझी आई असती तर माहेरी गेले असते. वडील नगरकडे मास्तर, घरात एकटे. त्यांनीच यांना पत्र लिहिलं होतं की या खेपेला पोरीला दवाखान्यात न्या.

चैत्र वद्य तृतीया

आज पेटी उघडून सगळं लावलं. मी आणलेलं एक आणि आत्याबाईंनी आणलेलं एक, अशी दोन राज्यं या खोलीत नांदणार आहेत.

माझ्या बाजूला जुन्या लुगड्यांचे मऊ धडपे. गेला महिनाभर फाडून, उकळून, कडक उन्हात वाळवून ठेवले होते, तरी डाक्टरीणबाईंनी नाक मुरडलं आणि पुन्हा उकळायला दिले. दुपटी, बिनगुंड्यांची झबली, दोन टोपडी, एक कुंची. कुंचीला मी लाल काठ लावला आहे. पोट बांधायला लांब पट्टा. दोन लुगडी अशी, की रक्त लागलं तरी हळहळ वाटू नये. हे मी यांच्यासमोर म्हणाले तर यांचा चेहरा पांढरा झाला.

आत्याबाईंच्या बाजूला डिंक, खारीक, खोबरं, हळीव, तुपाचा डबा, ओवा आणि बाळंतशोपा, शेगडी, बाळगुटीची सहाण, तिळाचं तेल. शेगडी पाहून डाक्टरीणबाई म्हणाल्या, वैशाखात बाळंतिणीला भाजून काढायचं आहे का? कडूबाईनं ते मराठीत सांगताना बरंच सौम्य केलं. शेगडी मागच्या स्वयंपाकाच्या पडवीत गेली. आत्याबाई दिवसभर घुम्या होत्या. संध्याकाळी म्हणाल्या, ‘‘डाक्टरीन शिकलेली आसंल, पन तिला लेकरू हाय का, इचार जरा.’’

मग माझी नखं कापली. बांगड्या काढा, डाक्टरीणबाई म्हणाल्या. त्याला मी तयार होईना. शेवटी कोपरापर्यंत चढवून वर फडकं बांधायचं ठरलं. केसांच्या दोन वेण्या घालून ठेवायच्या, म्हणजे उशीवर गुंता होणार नाही. कळ आली की ओरडायचं नाही, श्वास तोंडानं लांब सोडायचा. मी दुपारभर सराव केला. खिडकीजवळच्या खाटेवरची बाई पोट धरधरून हसली.

चैत्र वद्य पंचमी

तिचं नाव साखराबाई. चकलांब्याची, कुणब्याची. माझ्यापेक्षा थोडी मोठी असेल. उंच, हाडापेरानं दणकट, हिरवं लुगडं, कपाळावर आडवं गोंदण. मला ‘पाटलीनबाई’ म्हणते. मी नाव सांगितलं, सगुणा, तर म्हणाली, ‘‘ऱ्हाऊ द्या, मला पाटलीनबाईच ग्वाड लागतं.’’

तिचेही दिवस भरत आले आहेत. तिच्याजवळ पेटी नाही, एक गाठोडं आहे. त्यात बाळासाठी एकच गोधडी आहे, पण अशी गोधडी मी पाहिली नाही. बोटभर जागाही टाक्याविना सुटलेली नाही. आज तिनं ती माझ्या मांडीवर पसरली आणि सहज, भाजी-भाकरीचं सांगावं तसं सांगितलं:

‘‘तीन झाली मला. एक बी ऱ्हायलं न्हाई. कुनी दोन दिस, कुनी घटकाभर. पन दूध लई येतं बघा मला. अंग फुटाया लागतं. सासू म्हनायची, भितीला पिळ. मंग मी भितीला पिळायची. भित प्यायची माझं दूध.’’

तिनं माझ्या हनुवटीला हात लावला आणि म्हणाली, ‘‘तुमी कशाला रडता? अवंदा दवाखान्यात आलेय न्हवं मी. मालक म्हनले, लोक हसले तर हसू दी.’’

तिचा नवरा रामहरी. रोज फाटकाबाहेरच्या निंबाखाली बसलेला असतो. आत येता येत नाही, म्हणून ती खिडकीतून त्याला हात दाखवते. तो मान हलवतो. दिवसभरात त्यांचं एवढंच बोलणं.

चैत्र वद्य अष्टमी

यांना कामावर जायचं होतं. मी फाटकाशी बोलायला गेले. मी मनात ठरवलेलं सगळं सांगून टाकलं. माझं काही झालं तर आईची नथ बाळाला द्यायची, मुलगी असो की मुलगा. मुलगी असली तर शाळेत घालायची. आणि दुसरं लग्न करायचं ते तिला प्रेमानं भाकरी वाढेल अशीशीच. हे ऐकत राहिले. मग म्हणाले, झालं का बोलून? आता ऐक. तू घरी येणार आहेस. असं म्हणून टोपी घातली आणि मागे न बघता गेले. टोपी उलटी घातली होती.

मी खोलीत परत आले तर साखराबाईनं माझ्या तळपायांना तेल चोळून दिलं. मी नको नको म्हणत होते. पोट एवढं पुढे असताना तीही वाकत होती, धापा टाकत, हसत.

चैत्र वद्य दशमी

सकाळी साखराबाईला कळा सुरू झाल्या. कडूबाईच्या खांद्यावर हात टाकून ती चालत बाळंतखोलीकडे गेली. दारातून वळून मला म्हणाली, ‘‘दार लोटून घ्या. माझं वराडनं ऐकून भ्याल.’’

दार लोटून घेतलं आहे. काही ऐकू येत नाही. गोधडी खाटेवर तिनं आधीच अंथरून ठेवली आहे.

चैत्र वद्य एकादशी

साखराबाई गेली.

मुलगा होता, पोटातच गेलेला. नंतर रक्त थांबेना. डाक्टरीणबाईंनी करायचं ते सगळं केलं, त्यांचे कोपरापर्यंत माखलेले हात मी पाहिले. बाळ गेलं हे साखराबाईला कोणीच सांगितलं नाही. कुणाला धीरच झाला नाही. कडूबाई सांगत होती आणि पदर तोंडात कोंबून रडत होती. म्हणे, शेवटपर्यंत एकच चाललं होतं तिचं, ‘‘आना की गं त्याला. भुकेजला आसंल. आना, पाजते.’’

रामहरीनं कडूबाईला फक्त एवढंच विचारलं की पोरगं होतं का पोरगी. मग दोघांना गाडीत ठेवलं, गोधडी वरून घातली आणि बैल हाकलले. तो गाडीत बसला नाही. बैलांबरोबर चालत गेला.

आत्याबाईंनी मला खिडकीशी उभं राहू दिलं नाही. पण मी पाहिलं.

चैत्र अमावास्या

खोली बदलून मागितली. दुसरी जागा नाही. डाक्टरीणबाई म्हणाल्या, दिवस भरत आले की मन हळवं होतं, असले विचार करू नका.

विचार नव्हे, पाहिलेलं लिहिते. दुपारी आत्याबाई मागच्या पडवीत चुलीशी होत्या. बायका जेवून लवंडल्या होत्या, सगळा दवाखाना उन्हानं मुका झाला होता. माझा डोळा लागला आणि वासानं उघडला. धारोष्ण दुधाचा वास येत होता. खिडकीजवळच्या रिकाम्या खाटेमागे भिंतीवरून पांढरे ओघळ उतरत होते. मला वाटलं, चुना पाझरतोय. उठून बोट लावलं. कोमट होतं. चिकट होतं.

कडूबाईला बोलावलं. तिनं पाहिलं, माझ्याकडे पाहिलं नाही. ओल्या फडक्यानं पुसलं आणि म्हणाली, कबुतरं लई झालीत. खिडकी बंद होती.

वैशाख शुद्ध द्वितीया

भिंतीला काल नवा चुना दिला. आज दुपारी त्यावरून पुन्हा ओघळ. आत्याबाईंना दाखवायला आणलं तोवर वाळले होते. त्या म्हणाल्या, बाळंतपण तोंडावर आहे, असलं मनात आणू नकोस. पण त्यांनी माझी खाट ओढून आणखी दूर केली.

पोटात बाळ हलतं आहे. आज फार हलतं आहे. तेवढ्यावर मी आहे.

वैशाख शुद्ध चतुर्थी

मुलगा झाला! काल, अक्षय तृतीयेला, दिवस मावळायच्या आधी. आणि रडला. देवा, किती रडला! डाक्टरीणबाई हसत होत्या, मी हसत होते, आत्याबाई दाराबाहेर मोठमोठ्यानं देवाची नावं घेत होत्या. श्वास बिवास मी सगळं विसरले होते, गुरासारखी ओरडले. बांगड्यांवरचं फडकं कधी सुटलं कळलं नाही, दोन बांगड्या फुटल्या. फुटू देत.

त्याची पापणी पाण्यासारखी पातळ आहे. त्याच्या कानाच्या पाळीवर बारीक लव आहे. हे फाटकाबाहेर उभे होते. कडूबाईनं बाळ नेऊन दाखवलं. तिनं सांगितलं की साहेब रडले.

माझ्या अंगात कणकण आहे. होणारच, म्हणतात.

वैशाख शुद्ध षष्ठी

ताप उतरत नाही. दूध येत नाही. हळीव झाले, मेथी झाली, शेक झाला, थेंबही नाही. बाळ ओढतं, ओढतं आणि रागानं लाल होऊन रडतं. डाक्टरीणबाईंनी शेळीचं दूध पाणी घालून, उकळून, चमच्यानं द्यायला सांगितलं. पाजलेलं सगळं ओकतो. आज त्याचा आवाज बारीक झाला आहे. टाळू खाली गेली आहे.

दवाखान्यात दुसरी ओली बाळंतीण एक होती, तिला विचारलं. तिच्या सासूनं नाही म्हटलं.

वैशाख शुद्ध सप्तमी

आज पाचवी. आत्याबाईंनी खाटेखाली पाटा मांडून गुपचूप पूजा केली, डाक्टरीणबाईंना कळू न देता.

दुपारी मला ग्लानी आली होती. जाग आली तर कुशीत बाळ नव्हतं. माझ्या अंगातलं होतं नव्हतं ते बळ गोळा करून उठून बसले. तो खिडकीजवळच्या खाटेवर होता. उघड्या लोखंडी पट्ट्यांवर नव्हे, कोणीतरी चादर नीट दुमडून त्याच्याखाली घातली होती. शांत झोपला होता. पोट टम्म. ओठांच्या कडेला दूध.

आत्याबाई आल्या, त्याचं पोट पाहिलं आणि आनंदानं माझी दृष्टच काढली. त्यांना वाटलं, मला पान्हा फुटला. मी नाही म्हटलं नाही. का म्हटलं नाही?

वैशाख शुद्ध दशमी

रोज दुपारी. डाक्टरीणबाईंनी वजन केलं, ‘माशाल्ला’ म्हणाल्या. माझा ताप उतरतो आहे. सगळे खूश आहेत.

आज मी डोळे मिटून पडून राहिले, झोपले नाही.

वास आला. मग खाट करकरली. मी पापण्या थोड्या उघडल्या. ती पाठमोरी बसली होती. हिरवं लुगडं. कमरेखाली ते ओलं होतं, काळं दिसत होतं. डोक्यावरून पदर घेऊन तिनं बाळाला झाकलं होतं. एक मांडी हळूहळू हलत होती. पदराखालून त्याचा एक पाय बाहेर आला होता आणि त्याची बोटं पसरत होती, मिटत होती, पसरत होती, पोटभर पिताना मुलांची होतात तशी.

मी ओरडले नाही. ओरडायला तोंड उघडलं होतं. पण तो पीत होता.

तो पीत होता.

वैशाख शुद्ध द्वादशी

त्याचं अंग गार असतं. बाहेर वैशाख पेटला आहे, भिंतीला हात लावला तर भाजतं, आणि त्याचे पाय रांजणाच्या बुडासारखे गार. डाक्टरीणबाई म्हणतात, नाडी चांगली आहे, काळजी नको.

आणि आज मला दूध आलं. चोळी भिजली. मी रडत रडत त्याला उचललं, जवळ घेतलं. त्यानं ओठ मिटून घेतले. पुन्हा लावलं. मान फिरवली. खिडकीकडे. एवढंसं लेकरू, अजून नजर ठरत नाही, पण मान बरोबर तिकडेच.

आत्याबाईंना सगळं सांगितलं. त्यांनी खाली बसून घेतलं. म्हणाल्या, ‘‘आगं, पहिल्या दिशी का न्हाई सांगितलंस?’’ मग बाळाच्या कमरेला काळा दोरा बांधला, माझ्या खाटेखाली विळा ठेवला. दुपारी कोणी आलं नाही. बाळ दिवसभर उपाशी, रडून रडून निळा झाला. संध्याकाळी त्याला पडवीत घेऊन गेले, तेवढ्यात— परत आणला तेव्हा पोट भरलेलं. पडवीत मी एकटी होते. माझ्या हातातून मी त्याला क्षणभरच खाली ठेवला होता.

वैशाख पौर्णिमा

हट्टानं सुट्टी घेतली. डाक्टरीणबाई रागावल्या. घरी गेलं की सगळं ठीक होईल. तिचं येणं या दवाखान्यापुरतंच असेल. असायलाच हवं. तिला चौसाळ्याची वाट कुठे माहीत आहे?

गाडी फाटकाबाहेर पडली तेव्हा मी मागे पाहिलं. खिडकीत कोणी नव्हतं. पण बाळ— त्यानं जी आर्त किंकाळी फोडली ती मांजरसुंबा येईपर्यंत थांबली नाही.

चौसाळा, वैशाख वद्य प्रतिपदा

इथे ती आली नाही. दुपार गेली. काही नाही. वास नाही.

बाळ पीत नाही.

माझं पीत नाही. शेजारच्या छबुबाईला सहा महिन्यांचं मूल आहे, बिचारी आपणहून आली, तिचंही नाही. कापसाच्या बोळ्यानं दूध पिळलं, ते गालावरून वाहून गेलं. मला इतकं दूध येतंय की चोळीवर चोळी भिजते. अंग ठणकतं. आज पिळून काढावं लागलं. मोरीत, भिंतीशी बसून. पिळता पिळता माझ्या लक्षात आलं मी काय करते आहे, आणि मी तिथेच—

वैशाख वद्य द्वितीया

रडत नाही आता. नुसता पाहतो.

अंग ऊबदार झालं आहे त्याचं. तिचं दूध लागल्यापासूनची पहिली ऊब. पाय, तळवे, टाळू, सगळं माणसाच्या लेकरासारखं. मी त्याला उघड्या छातीशी धरून बसले. ही ऊब मला हवी होती. हीच हवी होती.

आणि तो मरतो आहे.

द्वितीया, दिवस कलताना

यांना सांगितलं. सगळं. हे भडकले, तू शिकलेली, तू असलं बोलतेस, म्हणाले. मग बाळाजवळ जाऊन बसले. त्याच्या मुठीत बोट घातलं. मुठीनं धरलं नाही. हे उठले आणि दमणी जुंपायला गेले.

आत्याबाई उंबऱ्यात आडव्या बसल्या. ‘‘मेलेलीच्या दुधावर लेकरू जगत न्हाई. ते दूध न्हाई, इख हाय.’’

मी म्हटलं, ‘‘आत्याबाई, माझ्या दुधावर तो मरतोय.’’

त्या बाजूला सरकल्या. मग गाडीमागे फाट्यापर्यंत आल्या, अनवाणी.

बीड, वैशाख वद्य तृतीया

पोहोचलो. डाक्टरीणबाईंनी तपासलं. इतका उशीर का केला, म्हणाल्या. खुदावर भरवसा ठेवा, म्हणाल्या.

खोली रिकामी आहे. कडूबाईला काही सांगावं लागलं नाही. तिनं दार उघडून दिलं आणि निघून गेली. यांच्यासाठी आज फाटक उघडलं, कोणी अडवलं नाही. व्हरांड्यात बसले आहेत, गुडघ्यांत डोकं घालून.

ऊन डोक्यावर येतं आहे.

मी माझ्या हातानं त्याला त्या खाटेवर ठेवलं. लाल काठाची कुंची घातली. कमरेचा दोरा सोडला. भिंतीकडे बघून म्हटलं, ‘‘साखराबाई, भूक लागलीय त्याला. पाज.’’

दार लोटून बाहेर आले. हात दाराकडे जातात म्हणून लिहिते आहे. नुसते ठेवले तर—

खाट करकरली.

पितो आहे. ऐकू येतं आहे मला. घोट. घोट. मध्येच दम घेतो, पुन्हा घोट. हे वर बघताहेत. मी मान हलवली. हे रडायला लागले. माझी चोळी भिजून ओल मांडीपर्यंत आली आहे.

आता ती बोलते आहे त्याच्याशी. गुणगुणते आहे. त्यानं आवाज केला. रडण्याचा नाही. हूं, असा. पहिल्यांदाच. माझा मुलगा पहिल्यांदा बोलला, आणि मी दाराबाहेर.

मी आत गेले होते. म्हटलं, ‘‘साखराबाई, झालं असेल तर दे आता.’’

तिनं तोंड वळवलं. पहिल्यांदाच. तेच तोंड, तेच गोंदण. ओठांत रक्त नाही, एवढंच. राग नव्हता त्यावर. मला राग चालला असता. तिनं मला अगदी साधेपणानं कारण विचारलं:

‘‘कावून, पाटलीनबाई?’’

मी हात पुढे केले. बाळानं मान फिरवली. तिच्या छातीत तोंड खुपसलं. मी रिकाम्या हातांनी बाहेर आले.

हे म्हणतात, थांब, दुपार सरली की जाते ना ती? सरू दे.

ऊन उतरलं. निंबाची सावली फाटकाच्या पुढे गेली.

गेली नाही. फटीतून पाहिलं. उठली आहे. बाळ खांद्यावर. पाठीवर थोपटते आहे. त्याचे डोळे उघडे आहेत, टक्क, तेजस्वी, गाल भरलेले. इतका गोड दिसतो आहे— माझ्याकडे बघतो आहे, आणि ओळखत—

खिडकीकडे निघाली. खिडकीचे गज— गज मध्ये नाहीतच जसे—

धावले तर हिसकावून घेता येईल. आता, या क्षणी. माझाच आहे. हे ओरडताहेत, जा, घे त्याला, घे. घेईन. पण मग उद्या तो कोणाचं—